जैविक प्रतिमानांची भाषा व तिचे लेखनसाधन : मुंबईच्या प्लेगच्या एका समीकरणाच्या आधारे विवेचन

इ. स. १९२७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात कर्मॅक व मॅकेंड्रिक या दोन शास्त्रज्ञांचा साथीच्या रोगांच्या गणिती उपपत्तीवरील निबंध प्रसिद्ध झाला. त्यांपैकी मॅकेंड्रिक यांनी हिंदुस्थानात वैद्यकीय सेवेत अनेक वर्षे घालविली होती. निबंधातील उपपत्ती सर्वसाधारण स्वरूपाची असली, तरी तिच्या पडताळ्यासाठी घेतलेले उदाहरण मुंबईचे आहे. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या एकतीस आठवड्यांत मुंबई बेटावर प्लेगने झालेल्या मृत्यूंची साप्ताहिक संख्या तेथे एका आलेखावर टिंबांनी दाखविली असून, गणिताने मिळालेली एक घंटाकृती रेषा त्या टिंबांच्या अगदी जवळून जाते. साथींच्या गणितावरील पाठ्यपुस्तकांत या आलेखाइतका वारंवार छापला गेलेला दुसरा आलेख बहुधा नसेल.

या आलेखासमवेत मूळ लेखकांनी एक महत्त्वाची टीप दिली होती. माणसांतील प्लेग हा उंदरांतील प्लेगचे केवळ प्रतिबिंब होय. बेटावरील सर्व उंदीर सारखेच रोगप्रवण आहेत, प्रत्येकास संसर्गाचा संभव सारखाच आहे, पिसवा इतक्या विपुल आहेत की संसर्ग जणू प्रत्यक्ष स्पर्शानेच होतो, अशी गृहीतके धरली तरच हे समीकरण लागू पडते. आणि यांपैकी एकही गृहीतक काटेकोरपणे खरे नाही, असे त्यांनी स्वतःच नमूद केले होते. तात्पर्य, रेषा माणसांच्या मृत्यूंची, पण तिच्यामागील विचार उंदरांविषयीचा होता. रेषा एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात गेली. टीप तिच्यासमवेत प्रत्येक वेळी गेलीच असे नाही.

प्रतिमान आणि त्याचा अर्थ यांची अशी ताटातूट होऊ नये यासाठी गेल्या पंचवीस वर्षांत जी साधने निर्माण झाली, त्यांत जैविक प्रतिमानांसाठी रचलेल्या संगणकीय भाषा आणि त्या भाषा लिहिण्यास साहाय्य करणारे एडिटर यांचा समावेश होतो. एडिटर म्हणजे प्रतिमानाची संहिता लिहिण्याचे व दुरुस्त करण्याचे साधन. ते वरवर पाहता टंकलेखनाची सोय एवढेच वाटते. प्रत्यक्षात लेखक चूक करीत असतानाच तिच्याकडे बोट दाखविणारे असे ते साधन आहे. त्याचे कार्य कसे चालते, कोणत्या चुका त्याला दिसतात आणि कोणत्या दिसत नाहीत, याचे विवेचन मुंबईच्या वरील उदाहरणाच्या आधाराने येथे केले आहे.

१. समीकरणाकडून भाषेकडे

कर्मॅक-मॅकेंड्रिक प्रतिमानाच्या साध्या रूपात लोकसंख्येचे तीन वर्ग कल्पिले जातात : रोग होऊ शकेल असे ‘प्रवण’, रोग झालेले व तो पसरविणारे ‘बाधित’, आणि मृत्यूमुळे वा प्रतिकारशक्तीमुळे साखळीबाहेर पडलेले ‘निवृत्त’. या तिहींच्या बदलाचा वेग सांगणारी तीन अवकल समीकरणे मांडली की प्रतिमान पूर्ण होते. कागदावर ही मांडणी निर्दोष असते. परंतु ती संगणकावर चालवावयाची झाल्यास प्रत्येक संशोधक आपापल्या पद्धतीने आज्ञावली लिहितो. एकाची आज्ञावली दुसऱ्यास वाचता येत नाही, आणि तिसऱ्याच्या यंत्रावर ती चालतच नाही.

ही अडचण दूर करण्यासाठी इ. स. २००० पासून एसबीएमएल या सामायिक भाषेची रचना सुरू झाली. तिचे विवरण २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत घटक, कक्ष, विक्रिया, प्राचले आणि एकके यांसाठी ठराविक खुणा आहेत. एका कार्यक्रमाने लिहिलेले प्रतिमान दुसऱ्यास बिनचूक वाचता यावे, हा तिचा हेतू. मात्र ही भाषा यंत्रांच्या परस्परव्यवहारासाठी आहे. चार ओळींचे प्रतिमान तीत शंभर ओळींचे होते आणि ते हाताने लिहिणे हे मोठे कष्टाचे काम ठरते.

म्हणून २००९ मध्ये स्मिथ, बर्गमन, चंद्रन व सौरो यांनी ‘अँटिमनी’ ही मनुष्याने वाचावयाची व लिहावयाची भाषा पुढे आणली. अँटिमनी या मूलद्रव्याची रासायनिक खूण एस-बी अशी आहे, हे लक्षात घेतले म्हणजे नावातील कोटी ध्यानी येते. तीत लिहिलेले प्रतिमान एसबीएमएलमध्ये आणि तेथून परत अँटिमनीमध्ये रूपांतरित करता येते. मुंबईचे प्रतिमान या भाषेत साधारणपणे पुढीलप्रमाणे लिहिले जाईल. मूळ भाषेत ओळखनामे रोमन लिपीतच द्यावी लागतात. येथे वाचकांच्या सोयीसाठी ती देवनागरीत दिली आहेत.

संसर्ग: प्र -> बा, क * प्र * बा
निवृत्ती: बा -> नि, ग * बा
प्र = २१८००; बा = ४; नि = ०
क = ०.००००६४२; ग = १

पहिल्या ओळीचा अर्थ असा की प्रवणाचा बाधित होतो आणि हे घडण्याचा वेग ‘क’, प्रवणांची संख्या आणि बाधितांची संख्या यांच्या गुणाकाराइतका असतो. दुसरी ओळ बाधितांच्या निवृत्तीची. अवकल समीकरणे लेखकाने मांडावयाची नाहीत. विक्रियांवरून ती यंत्रच मांडते. त्यामुळे एखाद्या घटकात एका समीकरणात भर घालून दुसऱ्यात वजाबाकी करावयास विसरणे, ही हाताने लिहिलेल्या आज्ञावलीत नेहमी आढळणारी चूक येथे संभवतच नाही. चांगल्या भाषेचा पहिला लाभ हाच : काही चुका तीत लिहिताच येत नाहीत.

२. एडिटर म्हणजे काय

वरील संहिता कोणत्याही साध्या टंकलेखनसाधनात लिहिता येईल. पण त्या साधनाच्या दृष्टीने ती अक्षरांची केवळ एक रांग असते; ‘प्र’ हा घटक आहे की प्राचल, याची त्याला जाणीव नसते. भाषेचे व्याकरण जाणणारा एडिटर तीच संहिता निराळ्या रीतीने पाहतो. विक्रियेचे नाव, घटक, अंक आणि टीप यांना तो वेगवेगळे रंग देतो. अपूर्ण नाव लिहिताच संभाव्य पूर्ण नावे सुचवितो. एखाद्या नावावर दर्शक नेला असता त्याची माहिती दाखवितो. त्याची मूळ व्याख्या जेथे असेल तेथे नेऊन पोचवितो. आणि व्याकरणाचा भंग झाला की त्या जागी अधोरेषा काढतो.

पूर्वी असा एडिटर तयार करणे ही मोठ्या भाषांनाच परवडणारी गोष्ट होती. दहा भाषा आणि पाच एडिटर असतील, तर प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्र असे पन्नास कार्यक्रम लिहावे लागत. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने रेड हॅट व कोडएन्व्ही यांच्या सहकार्याने एक समान संवादपद्धती जाहीर केली, तिला ‘लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल’ म्हणतात. तिच्यानुसार भाषेचे ज्ञान एका स्वतंत्र कार्यक्रमात ठेवले जाते. त्यास भाषासेवक म्हणता येईल. एडिटर त्याला ठराविक स्वरूपाचे प्रश्न विचारतो : या ठिकाणी कोणती नावे शक्य आहेत? या नावाची व्याख्या कोठे आहे? या संहितेत दोष कोणते? भाषासेवक उत्तरे देतो आणि एडिटर ती पडद्यावर दाखवितो. ही व्यवस्था पूर्णपणे अंगीकारली गेल्यास पन्नासाऐवजी पंधरा कार्यक्रम पुरतात. जीवशास्त्रातील मोजक्या लोकांच्या उपयोगाच्या भाषेलाही चांगला एडिटर लाभणे शक्य झाले, ते या काटकसरीमुळे.

अँटिमनीसाठी असे साहाय्य देणारी ‘व्हीएसकोड-अँटिमनी’ ही जोड वॉशिंग्टन विद्यापीठातील सौरो यांच्या गटाने तयार केली. तिचे वर्णन २०२३ मध्ये ‘बायोइन्फर्मॅटिक्स’ या नियतकालिकात आले. व्हिज्युअल स्टुडिओ कोड या सर्वपरिचित एडिटरमध्ये ती बसविता येते. नावे सुचविणे, दोष दाखविणे, व्याख्येकडे नेणे, एसबीएमएल व अँटिमनी यांचे परस्पर रूपांतर आणि अर्थटिपा जोडणे ही तिची प्रमुख कार्ये होत.

३. लेखनातील दोष : नाव आणि व्याप्ती

सर्वांत सामान्य दोष नावाचा असतो. अँटिमनीत प्रत्येक नावाची आधी घोषणा करावीच लागते असे नाही. नाव कोणत्या संदर्भात आले यावरून त्याचा प्रकार ठरतो. ही सोय लेखनास सुलभ, परंतु धोक्याचीही आहे. वेगनियमात ‘क’ऐवजी चुकून ‘का’ लिहिले गेले, तर भाषेच्या दृष्टीने तो व्याकरणदोष नव्हे. ‘का’ हे एक नवे प्राचल निर्माण झाले एवढेच. त्याला मूल्य मात्र नाही. एडिटर येथे सूचना देतो की या प्राचलास मूल्य दिलेले नाही. सूचना क्षुल्लक वाटते. पण ती दुर्लक्षिली गेली तर चूक पुढे गणनेत उघडकीस येते, आणि तेव्हा ती कोठे झाली हे शोधण्यात दिवस जातो.

प्रतिमान मोठे झाले की या साहाय्याचे महत्त्व वाढते. प्लेगच्या संदर्भात हे विशेष स्पष्ट करता येईल. मुंबईत १८९६ साली डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी या रोगाचे निदान केले, ते मांडवी भागात. बंदराला लागून असलेला आणि धान्याच्या वखारींनी भरलेला हा विभाग होता. धान्य असते तेथे उंदीर असतात, आणि धान्याबरोबर ते प्रवासही करतात. म्हणून साथीचे प्रतिमान एका बेटापुरते न ठेवता, ज्या मार्गाने माल जातो त्या मार्गावरील ठिकाणांचाही त्यात समावेश करणे स्वाभाविक ठरते. उदाहरणासाठी मुंबई-नाशिक महामार्गावरील, भिवंडी तालुक्यातील वडपे हे गाव घेऊ. आज हा सर्व परिसर गोदामांनी वेढलेला आहे. बंदरानजीकचे शहर हा एक कक्ष व महामार्गावरील गोदामांचे गाव हा दुसरा कक्ष, असे द्विकक्षी प्रतिमान कल्पिता येईल. ते येथे केवळ भाषेच्या स्पष्टीकरणासाठी योजिले आहे. वडप्यातील कोणत्याही प्रत्यक्ष साथीचे ते वर्णन नव्हे.

अँटिमनीत अशा वेळी साथीचे प्रतिमान एकदाच ‘साथ’ या नावाने लिहून त्याच्या दोन प्रती घेता येतात : एक ‘मुंबई’, दुसरी ‘वडपे’. मग मुंबईतील बाधितांना ‘मुंबई.बा’ आणि वडप्यातील बाधितांना ‘वडपे.बा’ अशी नावे आपोआप मिळतात. दोहोंना जोडणारी वाहतुकीची विक्रिया तेवढी नवी लिहावयाची. येथे लेखकाने नुसते ‘बा’ लिहिले, तर तिसराच एक घटक अस्तित्वात येतो, जो ना मुंबईचा ना वडप्याचा. एडिटर ‘वडपे’ या नावापुढे बिंदू देताच त्या प्रतीतील उपलब्ध नावांची यादी समोर मांडतो, त्यामुळे ही चूक होण्यापूर्वीच टळते. तसेच ‘वडपे’ या नावावरून मूळ ‘साथ’ प्रतिमानाच्या व्याख्येकडे जाता येते आणि ‘ग’ या प्राचलात बदल केला तर तो एकाच कक्षाला लागू होईल की दोहोंना, याचा उलगडा होतो.

४. राशी, संहती व एकके

व्याकरण शुद्ध आणि नावे बरोबर असूनही अर्थ चुकू शकतो. याचे एक सूक्ष्म उदाहरण कक्षाच्या आकारमानात दडलेले असते. एसबीएमएलची जडणघडण रसायनशास्त्रातून झाली आहे. त्यामुळे वेगनियमात घटकाचे नाव आले की सामान्यतः त्याची संहती, म्हणजे राशी भागिले कक्षाचे आकारमान, अभिप्रेत असते. विक्रियेचा वेग मात्र राशीच्या हिशेबाने मोजला जातो. कक्षाचे आकारमान १ असेपर्यंत संहती व राशी यांची मूल्ये एकच असल्याने हा भेद दिसत नाही. वरील प्रतिमानात कक्षाचा उल्लेखच नव्हता, म्हणून ते सुरळीत चालते. परंतु मुंबई व वडपे या कक्षांना त्यांच्या क्षेत्रफळानुसार आकारमान दिले, की ‘मुंबई.बा’ याचा अर्थ बाधितांची संख्या असा न राहता दर एकक क्षेत्रातील बाधित असा होतो. संहिता अक्षरशः तीच राहते, उत्तर मात्र बदलते. संख्याच अभिप्रेत असेल तर घटक केवळ राशीवाचक आहे असे घोषित करण्याची तरतूद भाषेत आहे. ती वापरावी की नाही हे एडिटर सांगू शकत नाही, कारण दोन्ही लेखने शुद्धच आहेत.

एककांचा प्रश्न याहून अधिक परिचित आणि अधिक फसवा आहे. कर्मॅक व मॅकेंड्रिक यांनी मुंबईसाठी काढलेले सूत्र असे :

दर एककाळातील मृत्यू = ८९० × सेच²(०.२ट − ३.४)

येथे सेच हे अपास्तीय सीकंट फलन असून ‘ट’ आठवड्यांत मोजावयाचा आहे. कंसातील राशी शून्य होते तेव्हा रेषा शिखरावर असते, म्हणजे ३.४ भागिले ०.२, सतराव्या आठवड्यात. डिसेंबरच्या मध्यापासून मोजता हा काळ एप्रिलच्या मध्याच्या सुमारास येतो. रेषेखालील एकूण क्षेत्रफळ ८९० गुणिले २ भागिले ०.२, म्हणजे ८,९०० मृत्यू एवढे भरते.

आता एखाद्याने ‘ट’ हा दिवसांत आहे असे समजून हेच आकडे लिहिले तर काय होईल? शिखर सतराव्या दिवशी, जानेवारीच्या आरंभीच येईल. पण एकूण मृत्यू पुन्हा ८,९०० च भरतील आणि रेषेचा आकार तिळमात्र बदलणार नाही. केवळ अक्षावरील शब्द बदलेल. सहा महिन्यांची साथ महिन्याभरात आटोपली असे प्रतिमान सांगेल, आणि नुसता आलेख पाहून कोणासही संशय येणार नाही. हा धोका टाळण्याचा मार्ग म्हणजे संहितेतच आठवडा या एककाची व्याख्या ६,०४,८०० सेकंद अशी करून काळास व प्राचलांस एकके जोडणे. तसे केल्यास एसबीएमएलची पडताळणी करणारी साधने समीकरणाच्या दोन्ही बाजूंच्या एककांची संगती लावून पाहू शकतात. परंतु एकके लिहिलीच नसतील तर तपासावयाचे काय? आणि सर्वत्र एकच चुकीचे एकक सुसंगतपणे लिहिले असेल, तर ती संगतीही चुकीलाच दुजोरा देईल.

५. नावापलीकडील अर्थ

‘बा’ म्हणजे बाधित. परंतु बाधित कोण? माणूस की उंदीर? १९२७ च्या निबंधात हा भेद टिपेत राहिला. आधुनिक प्रतिमानात तो संहितेतच नोंदविता येतो. त्यासाठी जी अर्थटीप जोडतात ती शब्दांत नसून एखाद्या मान्यताप्राप्त संज्ञाकोशातील क्रमांकाच्या रूपाने असते. जीवजातींच्या एनसीबीआय वर्गीकरणात मनुष्याचा क्रमांक ९६०६, काळ्या घरउंदराचा १०११७, गटारात राहणाऱ्या तपकिरी उंदराचा १०११६ आणि प्लेगच्या जंतूचा ६३२ आहे. ‘बा’ या नावाशी ९६०६ जोडला की १०११७, यावरून प्रतिमान कोणाविषयी आहे हे जगातील कोणत्याही वाचकास व कोणत्याही यंत्रास निःसंदिग्धपणे कळते. हा भेद पांडित्याचा नव्हे. मुंबईत १९०५ पासून झालेल्या प्लेग संशोधन आयोगाच्या कामातून हेच दिसून आले होते की साथ प्रथम गटारी उंदरांत, मग घरउंदरांत व त्यानंतर माणसांत उतरते. ज्या प्रतिमानात हे तिन्ही वर्ग एकाच ‘बा’ मध्ये मिसळले जातात, ते या क्रमाविषयी काहीच सांगू शकत नाही.

अशा अर्थटिपा हाताने लिहिणे कंटाळवाणे असल्याने त्या बहुधा लिहिल्याच जात नाहीत. व्हीएसकोड-अँटिमनीत घटकाचे नाव निवडून रेणूंसाठी चेबी, प्रथिनांसाठी युनिप्रॉट यांसारख्या संज्ञाकोशांत तेथल्या तेथे शोध घेता येतो. योग्य नोंद निवडली की तिचे वाक्य संहितेत घातले जाते. लेखकाने दुसरीकडे जाऊन क्रमांक शोधून उतरवून आणावा लागत नाही, आणि उतरविताना अंक चुकण्याचाही संभव राहत नाही.

मराठी वाचकांच्या दृष्टीने येथे आणखी एक गोष्ट उपयुक्त आहे. एसबीएमएलमधील ओळखनाम रोमन अक्षरे, अंक व अधोरेषा यांचेच बनलेले असावे लागते. परंतु प्रत्येक घटकास एक स्वतंत्र प्रदर्शननामही देता येते आणि ते कोणत्याही लिपीत असू शकते. अर्थात ‘बाधित घरउंदीर’ हे नाव देवनागरीतच देऊन शेजारी १०११७ हा क्रमांक जोडता येतो. विद्यार्थ्यास आपल्या भाषेतील नाव मिळते आणि यंत्रास आपला क्रमांक.

६. शुद्ध लेखन आणि खरे प्रतिमान

येथवर सांगितलेल्या सर्व कसोट्यांना वर दिलेली मुंबईची संहिता उतरते. नावे बरोबर आहेत, प्रत्येक प्राचलास मूल्य आहे, एकके व अर्थटिपा जोडल्या तर त्याही सुसंगत होतील. एडिटर कोठेही अधोरेषा काढणार नाही. तरीही या संहितेत दोन गोष्टी दडलेल्या आहेत.

पहिली अशी की कर्मॅक-मॅकेंड्रिक यांचे सूत्र हे समीकरणांचे तंतोतंत उत्तर नसून आसन्न उत्तर आहे. घातांकीय श्रेणीतील पहिली काही पदे ठेवून उरलेली सोडून दिल्यावर ते मिळते. वरील संहितेतील प्राचले त्या सूत्राशी जुळवून काढलेली आहेत आणि सूत्राप्रमाणे एकूण मृत्यू ८,९०० येतात. संगणक मात्र श्रेणी न तोडता पूर्ण समीकरणे सोडवितो आणि त्याचे उत्तर अकरा हजारांच्या थोडे वर जाते. म्हणजे निबंधातील आकडे इमानेइतबारे उतरवून घेतलेल्या विद्यार्थ्यास सुमारे चतुर्थांशाने अधिक मृत्यू मिळतील आणि आपली चूक कोणती हे त्यास उमगणार नाही. चूक टंकलेखनात नाहीच. दोन निराळ्या गणितांत एकच प्राचले वापरली गेली, ही ती चूक होय.

दुसरी गोष्ट अधिक मूलगामी आहे. सूत्रात तीन स्थिरांक आहेत : ८९०, ०.२ व ३.४. प्रतिमानात मात्र ‘प्र’ व ‘बा’ यांची आरंभीची मूल्ये आणि ‘क’ व ‘ग’ अशा चार राशी आहेत. तीन आकड्यांवरून चार राशी ठरत नाहीत. एक गृहीत धरावी लागते. बाधितावस्थेचा सरासरी काल एक आठवडा धरला, तर सूत्रानुसार आरंभीचे प्रवण सुमारे २१,८०० येतात. अर्धा आठवडा धरला, तर ते सुमारे ३२,००० होतात. दोन्ही संच त्या सूत्राची तीच रेषा देतात. पण १९०६ साली मुंबईची लोकसंख्या पावणेदहा लाखांच्या घरात होती. मग एवढ्या शहरात वीस-तीस हजारच माणसे प्रवण कशी? उरलेल्यांना रोगाने का वगळले? आणि हे प्रवण माणसे नसून उंदीर असतील, तर उंदरांच्या मृत्यूंची रेषा माणसांच्या मृत्यूंच्या टिंबांवर बसविण्याचे समर्थन काय?

फ्रेंच गणितज्ञ निकोला बाकाएर यांनी २०१२ मध्ये याच प्रश्नाची चिकित्सा केली. प्राचले स्थिर मानल्यास मुंबईसाठी त्यांची मूल्ये अवास्तव येतात, असे त्यांनी दाखविले. याशिवाय तत्कालीन अहवालांतून त्यांनी हेही निदर्शनास आणले की १८९७ पासून निदान १९११ पर्यंत प्लेग मुंबईत दरवर्षी ठराविक ऋतूतच उसळत व ओसरत असे. १९०६ ची साथ प्रवणांची संख्या घटल्यामुळे थांबली, असे कर्मॅक व मॅकेंड्रिक यांचे प्रतिमान सुचविते. वास्तविक तिच्यामागे ऋतुचक्र होते. टिंबांशी रेषा उत्तम जुळली, पण कारण चुकले. साथ प्रवण संपल्यामुळे थांबते असे मानणारा अधिकारी आणि ती ऋतूबरोबर परत येणार हे जाणणारा अधिकारी, या दोघांची पुढील वर्षाची तयारी एकसारखी असणार नाही.

तेव्हा एडिटरची मर्यादा स्पष्ट आहे. लिहिलेले भाषेच्या नियमांत बसते की नाही, एवढे तो पाहतो. ते सृष्टीच्या नियमांत बसते की नाही, हे पाहणे संशोधकाचे काम. परंतु या मर्यादेवरून साधनाचे मोल कमी लेखणे योग्य होणार नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बायोमॉडेल्स या संग्रहाशी संबंधित संशोधकांनी प्रकाशित निबंधांतील ४५५ प्रतिमाने पुन्हा चालवून पाहिली. निबंधातील माहितीवरून त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचे निष्कर्ष मिळाले नाहीत. प्राचलांची वा आरंभमूल्यांची माहिती अपुरी, समीकरणात चिन्हाची वा लेखनाची चूक, अशी त्यांतील अनेक कारणे होती. अशा पुष्कळ चुका एडिटरच्या एका अधोरेषेने टळण्याजोग्या असतात. जे प्रतिमान पुन्हा चालविताच येत नाही, त्याच्या गृहीतकांवर वाद घालण्याची पाळीच येत नाही. बाकाएर यांना पंच्याऐंशी वर्षांनंतर कर्मॅक-मॅकेंड्रिक यांच्याशी वाद घालता आला, तो त्या लेखकांनी सूत्र, आकडे आणि गृहीतके तिन्ही एकाच पानावर ठेवली होती म्हणून.

यावरून पदव्युत्तर अभ्यासकासाठी पुढील शिस्त निष्पन्न होते. प्रतिमान भाषेचे व्याकरण जाणणाऱ्या एडिटरमध्येच लिहावे आणि त्याची एकही सूचना न वाचता सोडू नये. प्रत्येक प्राचलास मूल्याबरोबर एकक द्यावे. घटक संख्यावाचक आहे की संहतिवाचक, हे संहितेत सांगावे. प्रत्येक घटकाशी संज्ञाकोशातील क्रमांक जोडावा. आणि ज्या गृहीतकांची यंत्रास तपासणी करता येत नाही, ती संहितेतच टीप म्हणून, ज्या वेगनियमाला ती लागू आहेत त्याच्या शेजारी लिहावीत : ‘येथे सर्व उंदीर समप्रवण मानले आहेत, ऋतुमानाचा परिणाम धरलेला नाही.’ अशी टीप गणनेच्या दृष्टीने निरर्थक असते, भाषासेवक ती ओलांडून पुढे जातो. परंतु मुंबईच्या रेषेबरोबर प्रत्येक पुस्तकात जावयास हवी होती ती हीच टीप होय.